काकू, तुमची रोजकीर्द अजून चालू आहे

प्रिय काकूंना,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे आता, बस जरा" म्हणून विषय तोडता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. नाव घालत नाही. कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आपल्या गल्लीत ते घालायची गरजही नाही.

दीड वर्षापूर्वी तुमच्या कट्ट्यावर येऊन टेकलो, तेव्हा माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (HbA1c) 6.3 निघाली होती. 6.5 पासून मधुमेह धरतात, म्हणजे मी उंबऱ्यावरच उभा होतो. आबा जाऊन चार महिने झालेले. रात्री तीनला जाग यायची ती दूधवाल्याची घंटी वाजेपर्यंत. एका दवाखान्यातून छापील तक्ता मिळाला होता: सकाळी ओट्स, दुपारी ब्रोकोली, चारला किवी. आईनं तो वाचून विचारलं, "हे कपिलतीर्थ मंडईत मिळतंय काय रे?" नऊ दिवस पाळला. दहाव्या दिवशी मिसळीला बसलो आणि आता मोडलंच आहे तर, म्हणून महिनाभर हात सैल सोडला.

तुम्ही तो तक्ता उघडलाही नाही. विचारलंत, "दिवाणजी, अडतीत रोज पहिलं काय लिहिता?"

रोजकीर्द, म्हटलं. रोजच्या जमाखर्चाची वही.

"मग आठवडाभर तोंडाची रोजकीर्द लिहा. बदलायचं काही नाही. नुसतं लिहायचं."

गुळाच्या अडतीतल्या माणसाची रोजकीर्द ती! दिवसाला सात हाफ चहा, त्याचीच साखर चाळीस ग्रॅमच्या पुढे. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर सगळी मिळून 50 ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, 25 वर आणली तर उत्तम. आणि सौद्याच्या वेळी रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, कोपरा फोडून तोंडात टाकलेले खडे मी धरलेच नव्हते. गूळ कुणी हिशेबात धरतं होय? आमच्या यार्डात तर गूळ म्हणजे औषध. तुम्ही शांतपणे सांगितलंत, की त्यात थोडीफार खनिजं असतील, पण बाकी बहुतेक साखरच, आणि रक्तात गेल्यावर ती साखरेसारखीच वागते. तीस वर्षं गुळात काढलेल्या माणसाला हे मानसशास्त्राच्या निवृत्त बाईंनी सांगावं! दोन दिवस तुमच्यावर चिडून होतो, आज कबूल करतो.

मग तुम्ही 'जर-तर' शिकवलंत. "कमी खाईन" असं म्हणायचं नाही. कधी, कुठं, काय ते आधीच ठरवायचं, म्हणजे ऐन वेळी मनाशी भांडत बसावं लागत नाही. माझी दोनच वाक्यं होती. चहा आला, तर आधी डब्यातले मूठभर फुटाणे. सौद्यात चाखायची वेळ आली, तर एकच खडा आणि लगेच चूळ. चूळ भरताना पहिल्या दिवशी हमाल हसले. आता त्यातला एक जण स्वतःच तांब्या आणून ठेवतो.

रविवारचं मटण बंद करा म्हणाला असतात, तर मी परत तुमच्या दारात आलो नसतो. तुम्ही फक्त ताटाचा क्रम फिरवलात: आधी कांदा-काकडी, पोकळा नाहीतर मटकीची उसळ, मग भाकरी, भात शेवटी आणि एकच वाटी. असं खाल्लं की जेवणानंतरची साखर एकदम उसळत नाही. पांढरा रस्सा तसाच राहिला. जेवून रंकाळ्याला चक्कर, तीही भेळेच्या गाड्यांमधून वाट काढत, हे मात्र तुम्हीच सुचवलेलं, त्यामुळे तिथल्या चुका निम्म्या तुमच्या.

पण खरा उपकार वेगळाच आहे. लग्नसराईत सलग चार दिवस वही कोरी राहिली, तेव्हा मी तोंड लपवून पलीकडच्या बोळातून जात होतो. तुम्ही हाक मारून थांबवलंत आणि लंडनच्या फिलिपा लॅली यांचा अभ्यास सांगितलात. 96 जणांना एकेक नवी सवय लावायला दिली होती. ती अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, पण कुणाला 18 दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत हिशेब 254 पर्यंत गेला. आणि मध्ये एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडलं नाही. "एक दिवस खाडा पडला म्हणून अडत बंद करता का?" एवढंच विचारून तुम्ही भाजी निवडायला बसलात. मी तिथंच उभा. आबांनंतर पहिल्यांदा कुणीतरी मला न रागावता चूक दाखवली होती.

रात्रीच्या जागरणावरही वहीच. संध्याकाळी पाचला पंधरा मिनिटं काळजीची. रात्री एखादी आली, तर तिला उद्या पाचची वेळ द्यायची. सुरुवातीला हा पोरखेळ वाटला. महिन्यानं मागची पानं चाळली, तर बहुतेक काळज्या वसुलीलाच आल्या नव्हत्या. आबांची आठवण मात्र त्या पंधरा मिनिटांत मावत नाही. ती तशीच राहू दे, तिला काळजीच्या खात्यावर टाकू नका, हेही तुमचंच म्हणणं.

गेल्या महिन्यात 5.9 आली. डॉक्टर म्हणाले, चालू ठेवा.

यंदा पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्यातला एक किलोचा रवा घेऊन येतोय. परत पाठवू नका. साखर माझी वाढलेली, तुमची नाही. चहा मात्र बिनसाखरेचा ठेवा, फुटाणे मी आणतो.

तुमचा,
गल्लीतला दिवाणजी