रिपोर्टात दोन ओळी जास्त लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑक्टोबर आला की शहरात स्तनाच्या कर्करोगाच्या जागृतीसाठी गुलाबी फिती, तपासणी शिबिरे आणि ‘गाठ लागली तर अंगावर काढू नका’ असे फलक दिसू लागतात. ते हवेतच. पण अंगावर न काढता जी बाई तपासायला जाते, तिच्या हातात पडणाऱ्या रिपोर्टाबद्दल कोणी बोलत नाही.

मी ४६ वर्षांची. अंबड औद्योगिक वसाहतीत रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात १९ वर्षे काम करते. गेल्या वर्षी घट बसल्याच्या दुसऱ्या दिवशी अंघोळ करताना डावीकडे सुपारीएवढी गाठ लागली. चांगली कडक. सणासुदीत घरात विषय नको म्हणून गप्प बसले. हे चुकलेच. कालिकेच्या यात्रेतही हात सारखा पदराखाली जात होता. सीमोल्लंघन झाल्यावर नवऱ्याला सांगितले.

पहिल्या केंद्रात सोनोग्राफी झाली. गाठ १८ मिलिमीटर. आत नितळ काळे दिसले असते, तर ‘साधी पाण्याची गाठ’ म्हणून विषय तिथेच मिटला असता. माझ्या गाठीत बारीक कण दिसत होते, त्यामुळे आत पाणी आहे की मांस, हे ठरेना. रिपोर्टात ‘बायरॅड्स ३, सहा महिन्यांनी पुन्हा’ एवढेच. बायरॅड्स ही स्तनाच्या तपासणीचा रिपोर्ट लिहिण्याची ठरावीक पद्धत, आणि त्यातल्या ३ चा अर्थ कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांहून कमी, हे मला फार नंतर कळले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘तुमच्या डॉक्टरांना दाखवा.’ आम्हीही शंकेचा माल ‘होल्ड’ची चिठ्ठी लावून बाजूला ठेवतो. पण त्या मालाला रात्री झोपायचे नसते.

पंधरा दिवसांनी गंगापूर रोडच्या दुसऱ्या केंद्रात गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी नेहमीची सोनोग्राफी केली आणि म्हणाल्या, ‘ताई, आता श्वास संथ ठेवा, हलू नका.’ त्याच प्रोबने, त्याच जेलवर, एक बटण दाबून तपासणी. पडदा दुभंगला. डावीकडे नेहमीचे चित्र, उजवीकडे कडकपणाचा नकाशा. याला इलॅस्टोग्राफी म्हणतात. ऊतीवर हलका दाब आला की मऊ भाग दबतो, कडक भाग कमी दबतो, आणि आधीच्या-नंतरच्या प्रतिध्वनींतून यंत्र हा फरक काढते. कल्पना १९९१ची, अमेरिकेतल्या ह्यूस्टनची.

मला हे चटकन कळले, कारण ऑइल सीलची शोर हार्डनेस मी रोज मोजते. तिथेही सुई टेकवून रबर किती दबते तेच बघायचे असते. आणि जास्त रेटा दिला की रीडिंग खोटे येते, हेही दोन्हीकडे सारखेच. डॉक्टरबाई प्रोब अगदी अलगद धरत होत्या.

माझ्या गाठीत काळे कडे, मध्ये पांढरा ठिपका आणि खाली आणखी एक ठिपका उमटला. आतले पाणी हलत असल्याने यंत्राचा हिशेब चुकतो आणि पाण्याच्या गाठीची ही ठरावीक खूण उमटते. काही यंत्रांत तिच्या जागी निळा, हिरवा, लाल असे तीन पट्टे येतात. इलॅस्टोग्राफीच्या दुसऱ्या पद्धतीत यंत्र स्वतः आडवी थरथर सोडून तिचा वेग मोजते. ती थरथर पाण्यातून जातच नाही, म्हणून गाठीची जागा रिकामी दिसते. चूक हीच खूण! आमच्या खात्यात असे कोणी म्हटले असते तर मी त्याला परत पाठवले असते.

हाताला कडक लागली ती पाण्याच्या ताणामुळे. दुखत होती म्हणून सुईने पाणी काढून घेतले. हिरवट पाणी आले, गाठ बसली.

इलॅस्टोग्राफी हा बायोप्सीला पर्याय नाही. काही कर्करोग मऊही असतात, आणि साध्या सोनोग्राफीत गाठ संशयास्पद दिसत असेल तर नकाशा काहीही म्हणो, तुकडा तपासायलाच हवा, हे डॉक्टरबाईंनी बजावून सांगितले. पण पाणी की मांस, एवढ्याच प्रश्नावर अडलेल्या गाठीसाठी याचा उपयोग आहे. २०१३च्या बायरॅड्स आवृत्तीत मऊ, मध्यम, कडक अशी नोंद करण्याची सोयही आहे.

राग याचा की पहिल्या केंद्राच्या यंत्रातही ही सोय होती. मी फोन करून विचारले. ‘कोणी मागितली तरच करतो,’ असे उत्तर मिळाले. जे नाव आम्ही ऐकलेलेच नाही ते मागायचे कसे?

शहरातल्या सोनोग्राफी तज्ज्ञांना विनंती आहे. यंत्रात सोय असेल तर अशा गाठीसाठी ती वापरा, आणि काय दिसले ते रिपोर्टात मराठीत दोन ओळींत लिहा. सोबत रंगांचा अर्थही द्या. एका यंत्रात निळा म्हणजे कडक, दुसऱ्यात लाल म्हणजे कडक, आणि बाई घरी जाऊन लाल रंग बघून रडत बसते.

नाव छापू नये. जाऊबाई हे सदर रोज वाचतात आणि त्यांना मी अजून काही सांगितलेले नाही.

आपली,
एक वाचक, पाथर्डी फाटा, नाशिक