निगडीचा अर्क कुणाला दिला, तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत निगडीच्या (निर्गुंडीच्या) अर्काने पेशींमधली सूज उतरते, असा लेख आला होता. लेख खोटा नाही. पण त्या पेशी कुणाच्या, हे त्यात कुठेच नव्हतं, म्हणून हे पत्र.

एका फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी 22 वर्षं नोकरी केली. हा प्रयोग असा असतो: उंदराच्या जंतू गिळणाऱ्या पेशी 96 खळग्यांच्या प्लास्टिकच्या ताटलीत वाढवायच्या आणि त्यांना जंतूच्या भिंतीचा अंश द्यायचा. एनएफ-कॅपा-बी नावाचं एक प्रथिन पेशीत एरवी दाव्याला बांधल्यासारखं असतं. ते सुटतं, केंद्रकात शिरतं आणि सूज आणणारी जनुकं चालू करतं. पेशी नायट्रिक ऑक्साइड सोडू लागतात. त्यावर रसायनाचे थेंब टाकले की खळगा गुलाबी होतो. अर्क घातलेल्या खळग्यात गुलाबी फिका दिसला की नवी मुलं टाळ्या पिटायची. मी म्हणायची, थांबा, पेशी मेल्या तरी रंग फिकाच येतो. जिवंत किती उरल्या, ते आधी मोजा.

ताटलीपुढची पायरी उंदराची. श्रीलंकेतल्या संशोधकांनी 2003 साली निगडीच्या ताज्या, जून पानांचा पाण्यातला अर्क उंदरांना पाजला. सूज यावी म्हणून कॅरागीनन टोचलेला त्यांचा पंजा मग कमी सुजला. (हे कॅरागीनन समुद्रातल्या लाल शेवाळाचं, आइस्क्रीममध्येही घालतात.) म्हणजे आमच्या आजीचा पाला अगदीच वाया नव्हता.

आता घरचं. चिकुनगुनिया झाल्यापासून आमच्या यांचे गुडघे धरलेत. निगडी कुंपणालाच आहे, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून लावलेली. पाला उकळून शेकलं की रात्र बरी जायची, तेवढंच. मग जत्रेत एकाकडून ‘निगडी अर्का’च्या काळ्या गोळ्या आणल्या. चौथ्या दिवशी हे माडी चढले! शेजारपाजारी मीच सांगत सुटले, त्याची आता लाज वाटते. तीन आठवड्यांत तोंड भाकरीसारखं फुगलं, उपाशीपोटी साखर 240. डॉक्टर गोळी हातात घेऊन म्हणाले, “वहिनी, पाला इतका झटपट लागू पडत नाही. यात स्टेरॉइड असणार.” स्टेरॉइडही त्याच प्रथिनाला आवरतं, पण सोबत साखर चढवतं, हाडं ठिसूळ करतं. शिवाय तडकाफडकी थांबवता येत नाही. डॉक्टरांनी मोजून औषध देत देत ते उतरवलं. ताटल्या धुण्यात जन्म गेला, तरी मला हे सुचलं नाही.

म्हणून विनंती एवढीच, की अशा लेखात एक ओळ वाढवा: प्रयोग ताटलीतल्या पेशींवर झाला, उंदरांवर की माणसांवर? माणसांवर असेल तर किती जणांवर, आणि किती दिवस?

परवा बाजारात तोच गोळीवाला बसला होता. टेबलावर तुमचा लेख लॅमिनेट करून उभा केलेला. लेखकाचं नाव कापलेलं, तुमच्या पेपरचं मात्र राखलेलं.

आपली,
एक जुनी वाचक,
हर्णै, ता. दापोली