निवांत वाच, माय

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

परवा रात्री उदगिरात वळवाचा पाऊस झाला. विजा कडाडत होत्या, आणि अडीचच्या सुमारास आमच्या इंटरनेट कंपनीच्या राउटरचं मुख्य राउटिंग इंजिन, म्हणजे त्याचा मेंदूच, बंद पडलं. राखीव इंजिननं भार उचलला. एकाही गिऱ्हाइकाची लाइन तुटली नाही, एकही फोन आला नाही. अलार्मचा मेसेज मी तीनदा वाचला आणि मला रडू आलं.

याआधी दोनदा असंच झालं होतं, तेव्हा सगळ्यांची सेशन्स, म्हणजे गिऱ्हाइकांच्या चालू जोडण्या, एका झटक्यात गेली होती. दुसऱ्या वेळेस तर वसतिगृहातल्या पोरांची ऑनलाइन टेस्ट चालू होती. लातूर पॅटर्नची पोरं ती, एकेका मार्कासाठी रात्र रात्र जागणारी. त्यांचे रडवेले फोन मीच घेतले.

देखभालीचा करार ज्यांच्याकडं होता त्यांनी पहिल्यांदा सांगितलं, "बंद करून चालू करा." दुसऱ्या वेळेस त्यांनी डेटाबेस रेप्लिकेशनचा ट्रेस, म्हणजे सेशन्सची नक्कल राखीव इंजिनकडं जाते त्याची बारीक नोंद, लावला खरा, पण काय काय नोंदवायचं ते सगळे फ्लॅग चालू, तपशिलाची पातळी सगळ्यात वरची, आणि फाईलची मर्यादा मूळचीच ठेवलेली. १२८ केबी भरले की फाईल मागं सरकते, तीन फायली झाल्या की जुनी पुसली जाते. सकाळपर्यंत कामाची ओळ उरलीच नव्हती. तरी अहवालात त्यांनी लिहिलं, "स्थानिक कर्मचाऱ्याची चुकीची हाताळणी." स्थानिक कर्मचारी म्हणजे मी एकटीच. सगळ्यांसमोर मालकांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. ती नजर अजून जात नाही डोळ्यासमोरून.

मग कुणीतरी तुमचा नंबर दिला. ना ओळख, ना पाळख. तुम्ही नांदेडहून फोनवर आलात, ट्रेसमध्ये फक्त रेप्लिकेशनपुरतं ठेवायला लावलंत, फाईल मोठी करायला लावलीत. पुन्हा बिघाड व्हायची वाट बघायची गरजच नाही, राखीव इंजिनकडं सेशन्सची नक्कल पोचते का एवढंच बघायचं, हे तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत सांगितलंत.

पण काका, मला लिहायचंय ते पुढचं. फाईल उघडली तेव्हा स्क्रीन तुमच्यासमोरही होती. गडबड कुठं आहे ते तुम्हाला लगेच दिसलं असणार, हे मला आता कळतंय. तुम्ही सांगितलं नाहीत. म्हणालात, "निवांत वाच, माय. मी हाय इथंच." आणि गप्प बसलात. वीसेक मिनिटं. मधेच तुमच्या घरातल्या पंख्याचा आवाज यायचा, तेवढाच. मी ओळ न् ओळ वाचत गेले. दोन्ही इंजिनांमधली जोडणी व्हायची, तुटायची, परत व्हायची, परत तुटायची. तुम्ही एवढंच विचारलंत, "मग, तुला काय वाटतंय?"

तीन वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी भीत भीत म्हणाले, राखीव इंजिनचं कार्ड त्या करारवाल्या लोकांनी बदललं होतं, दोन्हीकडचं जुनोस, म्हणजे राउटरचं सॉफ्टवेअर, एकाच आवृत्तीचं आहे का ते बघू या. बघितलं, तर वेगळं निघालं. कार्ड घालून ते निघून गेले होते, आवृत्ती जुळवली नव्हती, कुणी तपासलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मालकांना फोन करून सांगितलंत, "पोरीनं शोधलंय." पैशाचा विषय काढू दिला नाहीत. संध्याकाळी परत फोन केलात तो फक्त ट्रेस बंद केला का विचारायला, काम झाल्यावर राउटरवर तो भार कशाला म्हणून.

आता आमच्याकडं एक नवीन पोरगा लागलाय, अहमदपूरकडचा. काल त्याच्याकडून एक चूक झाली. माझा हात कीबोर्डकडं गेला होता, तो मी मागं घेतला आणि त्याच्याशेजारी खुर्ची ओढून गप्प बसले.

तुमची,
उदगीरची पोरगी