घर घेतलंय, रागावू नका

ति. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आधी मुद्द्याचं. इथं घर घेतलंय, सह्या झाल्या. म्हणजे अजून काही वर्षं स्टॉकहोमच. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही दोघं नुसतं "बरं" म्हणाला असता, आणि ते "बरं" मला सोसलं नसतं.

बाबा, घर ग्लोबेनजवळ आहे. १९८९ साली उघडलेलं, पांढऱ्या गोळ्यासारखं बंदिस्त सभागृह. व्यास ११० मीटर, उंची ८५. बर्फावरची हॉकी, गाण्याचे कार्यक्रम, सगळं आतच. १९९० मध्ये तुरुंगातून सुटल्यावर थोड्याच दिवसांत मंडेला इथं आले होते. २०२१ पासून त्याला अविचीचं नाव आहे. याच शहरातला संगीतकार पोरगा, अठ्ठाविसाव्या वर्षी गेला. (आई, तू आता त्याच्या आईचा विचार करत बसणार.)

पण तुमच्यासाठी खरी गंमत वेगळीच. स्वीडनभर सूर्यमाला मांडलीय, दोन कोटी पटीनं लहान, आणि तिच्यात ग्लोबेन म्हणजे सूर्य! पृथ्वी साडेसात किलोमीटरवरच्या संग्रहालयात, जेमतेम ६५ सेंटिमीटरची. लाइट गेले की कंदील मधे ठेवून तुम्ही मला त्याच्याभोवती फिरवायचात, चक्कर येईपर्यंत. मी पृथ्वी, दादा चंद्र, आणि आई ओरडायची, "काच फुटेल!" उन्हाळ्यात या. टेप आणा, मोजून बघा, चूक काढा.

कंपनीनं पगार वाढवला म्हणून हे केलं असं नाही. भाड्यात जाणारे पैसे हप्त्यात जातील, एवढंच. आणि तुमची खोली वेगळी आहे. लिफ्ट आहे, बाथरूमची फरशी गरम असते, ज्वारीचं पीठ मिळतं. भाकरी मी थापते, जरा जाड होते. आई, भडंगाशिवाय काही आणायचं नाही. लोणच्याची बरणी तर नाहीच.

आता ऐका. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ४० फूट, इशारा पातळी, वगैरेची वाट बघत बसायचं नाही. पाणी ३५ ला टेकलं की विश्रामबागला मावशीकडे जायचं. २०१९ ला "अजून पायरीला कुठं लागलंय" म्हणत बसला होता, आठवतंय ना? बाबांनी साखर तपासून आकडा मला पाठवायचा, गोल करून नाही, खरा. आईनं गुडघ्याचा पट्टा घालायचा. कपाटात ठेवून गुडघा बरा होत नाही.

पासपोर्टची मुदत बघून कळवा. दादाला सांगितलंय, तो फॉर्म भरून देईल. त्याच्यावर चिडू नका, त्याला घराचं मीच आधी सांगितलं होतं.

तुमची,
मनी