चि. अनिकेतला, ऑपरेशनची तारीख ठरण्याआधी

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून उठून गेलास ते माझ्यामुळे. "तोंड आवरलं असतंस तर ही वेळ आली नसती," असं मी म्हणालो, आणि तेही मानसीसमोर. तू गाडी सुरू केलीस आणि तुझी आई डबा घेऊन फाटकापर्यंत धावली. सोमवारी सकाळीही तो डबा ओट्यावर तसाच होता. चुकलं माझं. फोनवर हे बोलायला जमत नाही, म्हणून लिहितोय.

वजन उतरवायचं ऑपरेशन करू नकोस असं मी म्हणणार नाही, असं ठरवूनच लिहायला बसलोय.

तू विसरून गेलेली फाईल वाचली. वजन १३२ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, ४४, झोपेत श्वास अडकतो. हे शेवटचं मला फाईलमधून कळायची गरज नव्हती. शनिवारी रात्री तू झोपेत लावायचं श्वासाचं मशीन आणलं नव्हतंस आणि बाहेरच्या खोलीत झोपला होतास. दीडच्या सुमाराला तुझं घोरणं एकदम थांबलं. मी अंधारात उठून बसलो आणि मोजायला लागलो. बावीसपर्यंत मोजलं, तेव्हा तू दचकून श्वास घेतलास. मग परत थांबलास. पहाटे चारपर्यंत मी तसाच बसून होतो. सकाळी जे बोललो, ते त्या रात्रीच्या भीतीतून आलं. भीतीला रागाचे कपडे घालायची आपल्या घराची सवयच आहे, नाना पण तसेच होते.

आपल्या आळीतली शुभा पुण्यात ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर आहे. ती आली होती, तिला दुकानात बसवून सगळं विचारून घेतलं. फाईलमध्ये ऑपरेशनचं नाव स्लीव्ह. मी म्हणालो, स्लीव्ह म्हणजे आमच्यात बाही. ती म्हणाली, काका, इथेही तेच. खाकी कागदावर तिने खडूने काढून दाखवलं. पोटाची पिशवी उभी कापतात, पाऊण भागाहून जास्त काढून टाकतात आणि उरते ती बाहीसारखी अरुंद नळी. कडेला पिनांची ओळ मारतात. भूक लावणारं घ्रेलिन बहुतेक त्या काढलेल्या भागात तयार होतं, म्हणून नुसतं पोट लहान होत नाही, भूकही कमी होते. मी सगळं ऐकलं आणि शेवटी एवढंच विचारलं, की काढलेला भाग परत बसवता येतो का. ती नाही म्हणाली.

अनिकेत, ५१ वर्षं हातात कातर आहे. शिवण चुकली तर उसवता येते. कापताना चुकलं तर गिऱ्हाईकापुढे मान खाली घालण्याशिवाय काही करता येत नाही. तू म्हणशील, दादा, पोट म्हणजे पॉपलिन नव्हे. कबूल.

मग मी इंजेक्शनचं विचारलं, खरं सांगायचं तर आशेनेच. आठवड्यातून एक, स्वतःच टोचायचं, कुठे कापाकापी नाही. टिर्झेपेटाइड नावाच्या इंजेक्शनच्या मोठ्या चाचणीत सगळ्यात वरच्या डोसवर ७२ आठवड्यांत सरासरी २१ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. तुझ्या हिशेबाने १३२ चे १०४. मला वाटलं, झालं, सुटला प्रश्न. पण शुभा म्हणाली, थांबवलं की भूक परत येते. सेमाग्लुटाइड हे तसलंच दुसरं इंजेक्शन, ते बंद केलेल्यांचं उतरलेलं वजन वर्षभरात दोनतृतीयांश परत आलं होतं. म्हणजे रक्तदाबाच्या गोळीसारखं, चालूच ठेवायचं. मोंजारो, म्हणजे तेच टिर्झेपेटाइड, २०२५ च्या मार्चमध्ये आपल्याकडे आलं तेव्हा ५ मिलिग्रॅमची एक कुपी ४३७५ रुपयांना होती, महिन्याला चार. सेमाग्लुटाइडचं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं, त्यामुळे तो मार्ग स्वस्त होईल असं ती म्हणाली. ऑपरेशनला बीएमआय ४० च्या वर असेल तर विमा मिळू शकतो, इंजेक्शन मात्र बहुधा आपल्याच खिशातून. पैशाचा विचार तू करू नकोस. दुकानाचं कर्ज तू फेडलंस तेव्हा मला विचारलं होतंस का?

आता दोन गोष्टी विचारायच्याच आहेत, त्या मुकाट ऐक. तुला छातीत जळजळ होते, उशाला ती गुलाबी बाटली असते. स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते, अशा माणसाला पोटाचं बायपास बरं पडतं, असं शुभा म्हणाली. डॉक्टरांना हे सांगितलंयस का? बायपासमध्ये मोठं पोट काढून टाकत नाहीत, आतच वेगळं ठेवतात. हे ऐकून मला जरा बरं वाटलं. लगेच ती म्हणाली, काका, म्हणून ते उलटं फिरवायचं ऑपरेशन नाही हं. तरी बरं वाटलं.

दुसरं, आक्काच्या थायरॉईडच्या गाठीचं. ती मेड्युलरी प्रकारच्या कॅन्सरची असेल तर ही इंजेक्शनं तुला चालायची नाहीत. कागद ट्रंकेत असणार, मी शोधतोय. तोवर कुणाच्याही सांगण्यावरून टोचून घेऊ नकोस.

आणि ऑपरेशन झालं तरी जन्मभर बी-१२, लोह, कॅल्शियम घ्यावं लागतं, प्रथिनं आधी खावी लागतात, ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. तुझा दहावीतला टॉनिकचा खोकाच्या खोका मला माळ्यावर सापडला होता, म्हणून सांगतो. हे बघ, परत शिकवायला लागलो.

काल जुनी मापवही काढली. जून १९९८, पहिलीचा गणवेश, छाती २४. पुढे मी लिहिलंय, वाढत्या अंगाचा. शिलाईत दोन इंच कापड जास्त सोडलं होतं. २०१९, लग्नाचा कोट, छाती ४८. गेल्या दिवाळीचा कुर्ता, छाती ५२, पोट ५६. ५६ लिहिताना मी तुझ्याकडे बघितलं नव्हतं, आठवतं? तू पण भिंतीकडे बघत होतास. दिवाळीच्या सीझनला रात्री अकरापर्यंत मशीन चालायचं, तू ठाणांवर पेंगायचास आणि तुला जागं ठेवायला मी कोपऱ्यावरून भजी आणायचो. रोज. तोंड आवर म्हणणारा मी, त्या तोंडाला सवय कुणी लावली? शुभा म्हणते हा आजार आहे, कुणाचा दोष नाही. ती म्हणते तसं असेल. मला ती भजी आठवतात.

तू इथल्याच गव्हर्नमेंट कॉलेजातून इंजिनीअर झालास, तेव्हा मी पेढे वाटत अख्खा बाजार फिरलो होतो. त्या पोराला कुणी भूल देणार, आणि आत श्वास अडकला तर मोजायला मी नसणार. मशीन ऑपरेशनआधी रोज लाव. भूल देणाऱ्या डॉक्टरांना झोपेतल्या श्वासाचं स्वतःच्या तोंडाने सांग, फाईलमध्ये आहे म्हणून गप्प बसू नकोस.

तारीख ठरली की एक दिवस आधी मी आणि आई येतो. सकाळच्या एसटीने निघू, तू घ्यायला येऊ नकोस.

पांढऱ्या मलमलीचे दोन शर्ट शिवलेत, पुढून उघडणारे, सैल, काज-बटणांऐवजी नाड्या. पोटावर टाके असताना हात वर करावा लागू नये म्हणून. मापाला ५६ च धरलंय. शिलाई मोठ्या टाक्याची घातलीय, सहज उसवून आत घेता येईल. इंजेक्शनच घ्यायचं ठरवलंस तर घरात घाल.

तुझे,
दादा

ता. क. मानसीला सांग, डबा आईने परत भरलाय. या वेळी मेथीची भाजी आणि दोन भाकरी, बाकी काही नाही.