गिल्बर्ट हिलला सिमेंट नको, निचरा हवा

महोदय,

अंधेरी पश्चिमेला भवन्स कॉलेजमागच्या गिल्बर्ट हिलवरून दगड सुटले, की कडा सिमेंटने लिंपून टाकण्याची सूचना पुढे येते. पायथ्याच्या वस्तीची भीती खरी आहे. पण या उपायाने धोका वाढेल.

ही साधारण २०० फुटांची टेकडी म्हणजे सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट, म्हणजे लाव्हारस थिजून झालेला काळा खडक. तो तप्त रस निवताना आकसला, भेगा पडल्या आणि उभे, बहुकोनी स्तंभ तयार झाले. दिसायला एकसंध कातळ, प्रत्यक्षात एकमेकांना खेटून उभे असलेले खांब! शेजारच्या खांबाचा आधार हाच काय तो त्यांना धरून ठेवतो, आणि भोवतालच्या खाणकामाने बाहेरच्या रांगेचा तो आधार कधीच गेला.

मुंबईत वर्षाला दोन मीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. ते पाणी खांबांमधल्या सांध्यांत उतरते. तिथला दगड कुजून माती होते, ती भिजली की फुगते आणि खांबाला बाहेर रेटते. कडा बाहेरून बंद केला, तर वरून शिरलेल्या पाण्याला वाटच उरत नाही. सांध्यात दहा मीटर पाणी तुंबले, की तळाशी दर चौरस मीटरवर दहा टनांचा दाब येतो. एवढ्या दाबापुढे सिमेंटचा थर टिकत नाही. तो दगडासकट सुटतो.

म्हणून वरच्या सपाटीवरच्या भेगा बुजवा, कड्यावरच्या उघड्या ठेवा. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आणि बाग आहे. तिथल्या फरशीचा उतार कड्याकडे नको, पन्हळीकडे हवा आणि पन्हळीचे पाणी बंद पाइपने थेट पायथ्याच्या गटारात जावे. बागेतला गळका नळ तर आधी दुरुस्त करावा, कारण पाऊस चार महिन्यांनी थांबतो, नळ थांबत नाही.

पिंपळ-उंबराची रोपे करंगळीएवढी जाड होण्याआधी कापावीत, उपटू नयेत. उपटताना सैल झालेला दगड मुळीबरोबर येतो. मूळ आधीच जाड झाले असेल, तर ते मारण्याची घाई नको. कुजल्यावर त्याची पोकळी पाण्याची वाट होते. अशा झाडाची फक्त छाटणी करत राहावे.

मोठ्या भेगांच्या दोन्ही काठांवर पक्क्या खुणा करून मे आणि ऑक्टोबरमध्ये अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे, ठरलेल्या जागांवरून फोटो काढावेत. झेवियर्स आणि आयआयटी मुंबईत भूविज्ञान शिकवले जाते. विद्यार्थ्यांसाठी याहून चांगले क्षेत्रकाम शहरात कुठे मिळणार? जिथे अंतर वाढताना दिसेल, तिथेच खडकात रोवायचे पोलादी बोल्ट आणि जाळी लावावी.

अमेरिकेने अशाच खडकस्तंभांचा बनलेला डेव्हिल्स टॉवर हा सुळका १९०६ मध्ये राष्ट्रीय स्मारक केला. आपल्या टेकडीला वारसा दर्जा आहे, पण तिच्या पायाशी इमारती येऊन भिडल्या आहेत. निदान यापुढे तिथल्या बांधकामांना परवानगी देताना सुरुंग आणि खडक फोडणारे ब्रेकर यंत्र दोन्ही नाकारावेत. खडक कापणे अटळच असेल, तर डायमंड वायरने, म्हणजे हिऱ्याचे मणी ओवलेल्या तारेने, तो हादऱ्यांशिवाय कापता येतो.

– भूविज्ञानाचे एक अभ्यासक, अंधेरी (पश्चिम), मुंबई