मागल्या दारच्या मावशीस

प्रिय मावशी,

गेल्या महिन्यात पणजीच्या प्रदर्शनात एका बाईंनी माझा वाडगा हातात घेतला, आत-बाहेर निरखला आणि विचारलं, "हे रंग कुठून सुचले?" मी म्हटलं, "निसर्गातून." त्यांचं समाधान झालं, पण मला ते उत्तर घरी येईपर्यंत टोचत राहिलं. ते रंग मला तू दाखवले होतेस, तुझ्या मागल्या पडवीत, चवथीच्या आदल्या दिवशी. तिथे द्यायचं राहून गेलेलं उत्तर आज सगळ्यांदेखत देते आहे.

डिचोलीत मी राहायला आले ती इथल्या कुंभारकामाचं नाव ऐकून. पण काही सुचेनासं झालं की इथे न बघता पणजी गाठायची. फोंताइन्यस या जुन्या पोर्तुगीज धाटणीच्या वस्तीतल्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजू फरश्या वहीत उतरवून आणायची आणि ताटांवर रंगवायची. त्या फरश्या सुंदरच आहेत, भिंतीवर शोभतात. माझ्या ताटांवर मात्र त्या पाहुण्यासारख्या अवघडून बसायच्या.

त्यात इथला पहिला पावसाळा आला. हवेतली ओल जाईना, भांडी वाळेनात. ऑर्डर द्यायची घाई, म्हणून अर्धवट सुकलेले वाडगे मी भट्टीत भरले. आत राहिलेल्या पाण्याची वाफ झाली आणि अकरा वाडग्यांच्या ठिकऱ्या उडाल्या. पायरीवर डोकं धरून बसले होते, तेव्हा तू पेजेचं भांडं घेऊन आलीस. आधी मला पेज प्यायला लावलीस. मग एक वाचलेला वाडगा उचललास, उपडा करून पाहिलास आणि म्हणालीस, "बाय, हें हातांत बसना गो."

तोवर कोणी मला असं सांगितलं नव्हतं. लोक फोटो बघून छान म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी तू मला चुलीपाशी बसवलंस आणि तुझं हुमणाचं, म्हणजे माशांच्या आमटीचं, मातीचं कुंडलं पुढ्यात ठेवलंस. "काठावरून आंगठा फिरव," म्हणालीस. काठ जाड, बाहेर वळलेला, फडक्याने धरून उतरवता येईल असा. आणि एका जागी किंचित झिजलेला. तिथे तू करवंटीची डवली, म्हणजे पळी, टेकवून निथळतेस. किती वर्षांच्या आमटीची ती खूण होती! मी तिथून बोट काढत नव्हते, तू हसत होतीस. आता माझ्या प्रत्येक वाडग्याच्या काठाला एका ठिकाणी उथळ खोलगट जागा असते. माझी माती वाळताना आणि भाजताना दहाव्या हिश्शाहून जास्तच आकसते, त्यामुळे ओल्या मातीत ती जागा जराशी मोठी ठेवावी लागते. हे जमायला मला तीन महिने लागले. गिऱ्हाइकं विचारतात, हे चुकून झालं का? मी म्हणते, यात डवली ठेवून बघा.

मग चवथ आली. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीचं, रानफळांचं आणि पानांचं सामान आणायला तू मला बरोबर नेलंस. सुपारीचे घोस, कांगलां, निरफणस, चिबूड, शेरवडाची पांढरी पानं. आजवर माटोळी मी गणपतीच्या डोक्यावर बांधून झालेलीच पाहिली होती. त्यातलं एकेक फळ कुठल्या झुडपात, कुठल्या वेलीवर लागतं हे त्या दिवशी पाहिलं. पडवीत सामान लावताना एक कवंडळ, माटोळीतलं रानफळ, पायाखाली आलं आणि फुटलं. बाहेर तांबडंलाल, आत काळपट हिरवा गर. तू "फुकट गेलें" म्हणत झाडू आणायला वळलीस आणि मी तशीच ओणवी बसून ते बघत राहिले. त्या बाईंच्या हातातला वाडगा तो हाच, बाहेर लाल आणि आत हिरवा.

राखेची गोष्ट तर मी कुणाला सांगितलीच नाही. न्हाणीच्या चुलीत तू नारळाची सोडणं, माडाची चुडतं जाळतेस. ती राख तू एकदा सहज दिलीस, भांडी घासायला म्हणून. मी ती चाळून, धुऊन, फेल्डस्पार या खनिजाच्या पुडीत आणि मातीत कालवून एका कपाला लावली. बाराशे अंशांच्या पुढे ती वितळते आणि काचेसारखी होते. मातीतल्या लोहामुळे मधासारखा पिवळसर तपकिरी रंग येतो, कडेला ओघळ थांबतात. तुझ्या आंघोळीच्या पाण्याखालची राख आज लोकांच्या चहाच्या कपावर आहे, मावशी. तो कप मी तुला दिला तेव्हा तू त्यात तुळशीला घालायचं पाणी घेतलंस. मला फार बरं वाटलं.

तुला "थँक्यू" म्हटलं की तू तोंड फिरवतेस, म्हणून समोर बोलत नाही. रविवारी येऊन हे पत्र वाचून दाखवीन. आणि या आठवड्यातली राख माडाच्या बुंध्यात टाकू नकोस. मी गोणपाट घेऊन येते.

तुझी,
कुंपणापलीकडली बाय